गोल मगावर लांब आगबोट : नव्याने मग छापणाऱ्यांसाठी

गिऱ्हाइकाला ‘मग दाखवू का?’ असं विचारलं की आमच्या जळगावात त्याच्या डोळ्यांपुढे आधी बादलीतला मग येतो. एक मावशी तर तोंडावर म्हणाल्या, “अंघोळीच्या मगावर कशाला फोटो छापतो रे भाऊ?” तेव्हापासून दुकानात मी ‘चिनी मातीचा मोठा कप’ म्हणतो. इथे मात्र मगच म्हणू, कारण माल मागवताना व्यापाऱ्याकडे हाच शब्द चालतो.

ज्यांनी नुकतंच मशीन घेतलंय किंवा घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण मुद्दाम जुन्या आगबोटीच्या चित्राचं घेतलंय. वाढदिवसाचा फोटो थोडा इकडेतिकडे छापला तरी खपून जातो, आगबोट खपत नाही. ती लांब, मग गोल. तिच्यात सरळ रेघा असतात, काळा रंग भरपूर असतो आणि अंगावर नाव लिहिलेलं असतं. त्यामुळे नवशिक्याच्या सगळ्या चुका एकाच मगावर उघड्या पडतात. माझ्या पडल्याच. अमळनेरचे एक काका आले होते. मुलगा मर्चंट नेव्हीत, तो सुट्टीवर येणार होता, त्याच्यासाठी ‘चार धुराड्यांची जुनी बोट’ हवी होती. पहिला मग निघाला तो असा : नाव उलटं, बोटीचं पुढचं टोक दांडीजवळ विरलेलं, आणि काळी बोट चॉकलेटी झालेली. काकांनी तो हातात फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, “ही बुडाल्यानंतरची आहे का?”

सामान

शाळेत संप्लवन शिकवलं होतं ते आठवा. कापराची वडी वितळून पाणी न होता थेट हवेत उडून जाते. मगाच्या कामातली सब्लिमेशनची, म्हणजे संप्लवनाची, शाई अशीच वागते. चित्र आधी या शाईने कागदावर छापायचं, मग तो कागद मगाला गुंडाळून तापवायचा. १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास कागदावरच्या शाईची थेट वाफ होते, ती मगावरच्या पॉलिस्टरच्या पातळ थरात शिरते आणि थर थंड झाला की तिथेच अडकून बसते. शेजारी सुरतेत पॉलिस्टरच्या साड्यांवर कागदावरून डिझाइन उतरवतात, तेही याच तत्त्वावर.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली : मग कोटिंगवालाच लागतो. भांड्यांच्या दुकानातला पांढराशुभ्र मग दिसायला तसाच असतो, पण त्याच्या काचेसारख्या झिलईत शाई शिरत नाही. मी सुरुवातीला शहाणपणा करून बाजारातून अर्धा डझन साधे मग आणले होते. चित्र उमटल्यासारखं दिसलं, साबणाचा हात लागला आणि बोट वाहून गेली. दुसरी : पांढरी शाई नसते. जे पांढरं दिसायला हवं तिथे काहीच छापायचं नाही, मगाचा स्वतःचा पांढरा रंगच कामाला येतो. हे डोक्यात ठेवा, पुढे बोट निवडताना याचा मोठा उपयोग आहे.

बाकी सामान असं. ११ औंसाचे कोटिंगवाले मग, यात सव्वातीनशे मिलीच्या आसपास चहा मावतो. ठोक बाजारात ३६ नगांचं खोकं मिळतं. ए-फोर आकाराचा इंक टँक प्रिंटर, त्यात पहिल्या दिवसापासून सब्लिमेशनचीच शाई. साधी शाई एकदा भरलेला प्रिंटर नंतर या कामाला घेऊ नका, नळ्यांतली जुनी शाई लवकर जात नाही. बहुतेक जण एपसन वापरतात, कारण त्याचं हेड शाई न तापवता फेकतं. लेझर प्रिंटर इथे बिनकामाचा. मग सब्लिमेशन पेपर, उष्णता सोसणारी टेप (साधी सेलोटेप प्रेसमध्ये वितळून मगाला चिकटते), मग प्रेस (मगाभोवती गरम गादी आवळून तो तापवणारं मशीन), जाड हातमोजे आणि शिंप्याकडची टेप. पट्टी गोल मगाला लागत नाही, शिंप्याची टेप लागते.

प्रेस साधारण तीन-चारशे वॅटची असते, त्यामुळे घरच्या वायरिंगवर ताण येत नाही. दुकान नसलं तरी चालतं. मी पहिलं वर्षभर स्वयंपाकघराच्या ओट्यावरच काम केलं, घरच्यांचा स्वयंपाक आटोपल्यावर.

कोणती बोट?

लोक मागतात टायटॅनिक. द्यायला हरकत नाही, पण तिच्याबद्दल दोन गोष्टी ठाऊक असू द्या. तिच्या चार धुराड्यांपैकी बॉयलरचा धूर पहिल्या तिघांतूनच निघायचा. चौथं मुख्यतः हवा खेळती ठेवायला होतं, आणि शोभेला. जास्त धुराडी म्हणजे जास्त दणकट बोट, असं तेव्हा तिकीट काढणाऱ्यांना वाटायचं. जुन्या चित्रांत चारही धुराड्यांतून धूर निघताना दाखवतात, ते पाहून जाणकार हसतात. दुसरं म्हणजे इंटरनेटवर टायटॅनिक म्हणून फिरणारे कितीतरी फोटो तिच्या बहिणीचे, ऑलिम्पिकचे असतात. वरच्या बाजूच्या लांब सज्जाकडे बघा. टायटॅनिकवर त्याचा पुढचा अर्धा भाग खिडक्यांनी बंद आहे, ऑलिम्पिकवर तो शेवटपर्यंत उघडा. अमळनेरच्या काकांच्या मुलाने हे मला फोनवर सांगितलं, तेही मग हातात पडल्यावर.

माझ्या मते आपल्याकडच्या माणसाला आपल्या ओळखीची बोट द्यावी. सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेयला जिच्यातून उडी मारली ती ‘मोरिया’ म्हणजे पी अँड ओ या इंग्रजी बोटकंपनीची एस. एस. मोरिया. गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ ला मुंबईहून गोलमेज परिषदेला निघाले ते याच कंपनीच्या ‘राजपुताना’तून. डिसेंबर १९३६ मध्ये ते आपल्या फैजपूरला काँग्रेस अधिवेशनाला आले होते, त्यामुळे फैजपूर-यावलकडच्या शिक्षकांना भेट द्यायला ही बोट चांगली शोभते. भुसावळच्या रेल्वेवाल्यांसाठी तर गोष्टच तयार आहे. १९१२ साली सुरू झालेली पंजाब मेल मुंबईच्या बॅलार्ड पिअर या बंदराच्या धक्क्यावरून सुटायची. विलायतेच्या बोटीतून उतरलेले साहेब आणि टपाल घेऊन ती भुसावळवरून उत्तरेकडे पेशावरपर्यंत जायची. एका बाजूला आगबोट, दुसऱ्या बाजूला वाफेचं इंजिन असा मग मी एका निवृत्त गार्डसाहेबांना करून दिला. नंतर त्यांच्या ओळखीने आठ ऑर्डर आल्या.

पण हे सगळं नंतर. पहिला मग करायचा तर मी ‘लॉयल्टी’चा सुचवेन. सिंदिया या आपल्या देशी बोटकंपनीची ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. कंपनीच्या संस्थापकांत आपले सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. ही बोट मूळची कॅनडियन पॅसिफिकची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, १८९१ पासून प्रशांत महासागरात धावलेली. पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती घेऊन युद्धकाळात तिचं इस्पितळ-जहाज केलं, नाव ठेवलं लॉयल्टी, आणि त्यांच्याकडून ती सिंदियाकडे आली. इतिहास चांगला आहेच, पण मी तिची शिफारस करतो ती रंगासाठी. ‘एम्प्रेस’ असतानाच्या चित्रांत तिचं अंग पांढरं आहे, दोन फिकट पिवळसर धुराडी, तीन डोलकाठ्या आणि पुढचं टोक शिडाच्या जहाजासारखं बाकदार. पांढरं अंग म्हणजे तिथे शाईच नाही. दाब कमी-जास्त झाला, उष्णता थोडी चुकली, तरी कोऱ्या जागेला काय होणार? उलट पी अँड ओच्या त्या काळच्या बोटी अंगानेही काळ्या आणि धुराड्यांनीही काळ्या. मगावर एवढा मोठा काळा पट्टा म्हणजे नवशिक्याची परीक्षा. आधी पांढरी बोट, हात बसला की काळी.

पांढऱ्या बोटीला एक अट आहे. मागे काहीतरी रंग हवा, नाहीतर पांढऱ्या मगावर पांढरी बोट दिसणारच नाही. खाली निळं-हिरवं पाणी आणि मागे हलकं आकाश एवढं पुरतं.

चित्र कुणाचं आहे?

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ती ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. चित्र जुनं दिसतं म्हणून ते मोकळं झालं असं समजायचं नाही. फ्रेंच बोट ‘नॉर्मंडी’चं १९३५ चं प्रसिद्ध पोस्टर घ्या. समोरून भिंतीसारखी उभी राहिलेली बोट, पायाशी चिमुकले पक्षी. ते काढणारा कॅसांद्र १९६८ साली वारला, म्हणजे आपल्याकडे ते २०२८ संपेपर्यंत बांधलेलं. युरोपात हयातीनंतर ७० वर्षं मोजतात, तिकडे विकायचं तर आणखी थांबा. बोट मात्र कुणाच्या मालकीची नाही. तीच ‘नॉर्मंडी’ तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या ड्रॉइंग मास्तरांनी नव्याने काढली तर तो मग तुमचा. दुसऱ्याच्या पोस्टरवर ट्रेसिंग पेपर ठेवून काढणं यात धरू नका.

कंपन्यांची नावं आणि चिन्हंही सांभाळून. क्युनार्ड, पी अँड ओ ही नावं आजही धंद्यात आहेत. बोटीचं नाव आणि साल लिहा, कंपनीचा झेंडा आणि अक्षरं विकायच्या मालावर नकोत. आणि टायटॅनिक सिनेमातली ती हात पसरून उभी असलेली जोडी? दर आठवड्याला कुणीतरी मागतंच. नाही म्हणायला शिका.

चित्र मिळालं की त्याचे पिक्सेल बघा. २० बाय ९ सेंटीमीटरच्या छपाईला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण २,३६० बाय १,०६० पिक्सेल लागतात. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतं तो दाबून लहान केलेला असतो. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे वाक्य पाठ करून ठेवा. जुनी छापील पोस्टकार्डं स्कॅन केली तर बारीक ठिपके दिसतात. किंचित धूसर करून नंतर आकार लहान केला की ते बरेच मिटतात.

जुन्या कागदाचा पिवळेपणा मी काढून टाकतो. ‘विंटेज लूक’ म्हणून मगाच्या काठापासून तळापर्यंत पिवळट रंग भरायचा मोह सगळ्यांना होतो. तो फिका पिवळा सगळीकडे सारखा येत नाही. कुठे गुलाबी झाक, कुठे हिरवट, आणि काठाशी पांढरी पट्टी उरते ती वाकडी. जुनेपणा बोटीच्या रेघांत आणि अक्षरांच्या वळणात असू द्या, आकाश कोरं किंवा कडेला विरत जाणारं ठेवा.

मांडणी : खरं काम इथे

मशीन चालवायला दोन दिवसांत येतं. मांडणीला मला सहा महिने लागले.

शिंप्याची टेप मगाभोवती गुंडाळा. ११ औंसाच्या मगाचा व्यास आठ सेंटीमीटरच्या किंचित वर, म्हणजे घेर साधारण २५ ते २६. दांडीची जागा सोडली की छपाईला २० सेंटीमीटर उरतात. उंची साडेनऊच्या आसपास, वरखाली थोडं सोडून नऊ. म्हणून फाइल २० बाय ९ ची. पण प्रेसची गादी दांडीपाशी संपते आणि तिच्या दोन्ही टोकांना उष्णता कमी पोचते. तिथे रंग फिका पडतो. म्हणून महत्त्वाचं सगळं मधल्या १८ सेंटीमीटरमध्ये बसवा. काकांच्या बोटीचं टोक विरलं ते यामुळे.

आता बोट घ्या. टायटॅनिक २६९ मीटर लांब, आणि तळापासून धुराड्याच्या टोकापर्यंत उंची सुमारे ५३ मीटर. म्हणजे लांबी उंचीच्या पाचपट, आणि पाण्याखालचा भाग चित्रात नसतो, म्हणून त्याहूनही जास्त. अशी आडवी बोट १८ सेंटीमीटर लांब छापली तर ती जेमतेम तीन सेंटीमीटर उंच होते आणि मगाभोवती वळून जाते. एका नजरेत मगाची सात-आठ सेंटीमीटर जागाच नीट दिसते, बाजूचं सगळं वळणात दबतं. चहा पिणाऱ्याला बोटीचं शेपूट दिसतं, समोरच्याला टोक, आणि पूर्ण बोट कुणालाच नाही. बरं, पूर्ण दिसावी म्हणून आठ सेंटीमीटरची केली तर ती दीड सेंटीमीटरही उंच राहत नाही. मगावर सुरवंट चालल्यासारखा दिसतो.

यावर मला तीन तोडगे सापडले. सगळ्यात चांगला : समोरून तिरपी दिसणारी बोट घ्या. पुढचं टोक आपल्याकडे, बाकीची बोट मागे लहान होत गेलेली. जुन्या पोस्टरवाल्यांना उभ्या कागदावर हीच अडचण होती, त्यांनीही हाच मार्ग काढला. असं चित्र सात सेंटीमीटर रुंद आणि आठ उंच सहज होतं आणि मगावर भरून दिसतं. दुसरा : आडवीच बोट हवी असेल तर ती आठ सेंटीमीटरची करून तिच्यावर भरपूर आकाश आणि धूर घ्या, खाली नाव आणि साल मोठ्या अक्षरांत. धुराचा लोट वर मागे जाऊ दिला की रिकामी उंची भरते. तिसरा : लांब बोट पूर्ण गुंडाळायची, पण मग ती फिरवून बघायचीच वस्तू आहे असं गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. लहान मुलांना हा प्रकार आवडतो.

चित्र कोणत्या बाजूला? इथे भले भले चुकतात. फाइल सरळ समोर ठेवली तर तिचा उजवा भाग मगावर जिथे येतो तिथे दांडी उजवीकडे असते. उजव्या हाताने पिणाऱ्याला स्वतःला दिसतो तो हा भाग. डावा भाग दिसतो समोर बसलेल्याला. मुलाला रोज सकाळी बोट दिसावी असं वाटत असेल तर बोट उजवीकडे, नाव-संदेश डावीकडे. ऑफिसात मिरवायचं असेल तर उलट. डावखुऱ्या माणसाला विसरू नका. ऑर्डर घेताना मी विचारतोच, आणि लोकांना त्याचं फार कौतुक वाटतं.

बोटीचं तोंड शक्यतो दांडीच्या विरुद्ध दिशेला ठेवा. दांडीकडे तोंड केलं की बोट धक्क्यावर आदळायला निघाल्यासारखी वाटते. हा नियम कुठे लिहिलेला नाही, माझ्या डोळ्याला खटकतं एवढंच.

छपाई

फाइल तयार झाली की ती आरशातल्यासारखी उलटी छापायची. कोरलमध्ये (फाइल बनवायचं सॉफ्टवेअर) किंवा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘मिरर’ आहे, दोन्हीपैकी एकाच ठिकाणी करा. दोन्हीकडे केलं तर पुन्हा सुलट होतं. हेही मी करून बसलोय. माणसाच्या फोटोत उलटसुलट लगेच कळत नाही, बोटीवर नाव असलं की लगेच कळतं. म्हणून सरावासाठी नावाचीच बोट घ्या. कागदावर नाव वाचता येत असेल तर तो कागद प्रेसमध्ये घालू नका.

कागदाची पांढरी, कोटिंगची बाजू प्रिंटरला द्या. क्वालिटी सगळ्यात वरची. छापून आलेला कागद पाहून घाबरू नका, रंग मळकट आणि मेलेले दिसतात. काळा करडा दिसतो, लाल विटेसारखा. उष्णता लागली की ते जागे होतात. छापल्यावर पाच-दहा मिनिटं वाळू द्या.

खान्देशात हवेच्या दोन तऱ्हा सांभाळाव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा दोन-चार दिवस बंद राहिलेल्या प्रिंटरच्या नोझलमध्ये, म्हणजे शाई फेकणाऱ्या बारीक छिद्रांत, शाई सुकते. काम नसलं तरी दिवसाआड नोझल चेकचा एक कागद काढा. पावसाळ्यात उलट. कागद ओल धरतो, प्रेसमध्ये त्या ओलीची वाफ होते आणि बोटीच्या रेघांभोवती निळसर धूर पसरल्यासारखा दिसतो. कागदाचं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आमच्याकडे तो डबा मूळचा शेवेचा आहे.

प्रेस

मग सुती कापडाने पुसा. बोटाचा तेलकट डाग राहिला तर तिथे फिकट ठिपका येतो, आणि तो नेमका आकाशात येतो. कागद मगाला घट्ट लपेटा, हवा राहू देऊ नका. दांडीच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर आहे का बघा. मग दांडीच्या बाजूने उभ्या दोन टेपा, ताणून. पाण्याची रेघ मगाच्या तळाशी समांतर आहे ना हे डोळ्यांच्या पातळीवर धरून तपासा. दोन मिलीमीटर तिरपी गेली तरी बोट बुडायला लागल्यासारखी दिसते, आणि टायटॅनिक असेल तर लोक ते मुद्दाम केलंय असं समजतात.

माझ्या प्रेसवर १८० अंश आणि १८० सेकंद हे गणित बसलंय. तुमच्यावर वेगळं असेल, कारण आकड्यात दिसणारं तापमान आणि गादीचं खरं तापमान यांत फरक असतो. म्हणून पहिल्या खोक्यातले तीन मग सरावाचे समजा. एकाच चित्राचे तीन कागद काढून १५०, १८० आणि २१० सेकंदांना प्रेस करा, तळाला मार्करने आकडे लिहा आणि दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवा. बघायचं ते काळ्या रंगाकडे. कमी भाजला तर करडा आणि निस्तेज राहतो, जास्त भाजला तर तपकिरी होतो. काकांची बोट चॉकलेटी झाली ती मी ‘जरा जास्त ठेवू, पक्कं होईल’ म्हणून चार मिनिटं ठेवली म्हणून. भाकरी जास्त भाजली तर पक्की होत नाही, करपते.

दाब मध्यम. प्रेस बंद करताना हाताला जोर जाणवावा, पण दोन हात लावावे लागू नयेत. फार आवळलं तर मग तडकतो, सैल राहिलं तर एखाद्या भागात चित्र ढगाळ येतं.

मध्येच वीज गेली तर? आमच्याकडे जातेच. प्रेस उघडू नका, कागद सोडवू नका. वीज आली की तसाच पुन्हा तापवून उरलेला वेळ द्या. निम्मे मग वाचतात. उघडून पाहायची घाई केली आणि कागद केसभर सरकला तर एका धुराड्याची दोन होतात.

वेळ झाली की हातमोजे घालून मग बाहेर काढा आणि कागद एका झटक्यात सोला. थांबत थांबत सोलला तर गरम शाई अजून उडत असते, तिची सावली उमटते. मग लाकडी फळीवर ठेवा. ओल्या ओट्यावर किंवा थंड पाण्यात नको, चिनी माती अचानक थंड झाली की तडा जातो. कधी टिचकन आवाज येतो आणि तडा दिसतच नाही. म्हणून गार झाल्यावर पेनाने हलकं वाजवून बघा. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द आवाज आला तर तो मग विकू नका. त्यात उकळता चहा ओतला जाणार आहे.

किंमत आणि पाठवणी

यावर फार लिहिण्यासारखं नाही. मग, कागद, शाई, टेप, डबा यांचा खर्च मांडा, दर दहा मगांमागे एक वाया जाणार असं धरा, आणि मांडणीचे पैसे वेगळे सांगा. गिऱ्हाईक म्हणतं, “इंटरनेटवरून तर घेतलंय चित्र, त्याचे कसले पैसे?” त्याला सुरवंटाएवढी बोट आणि नीट मांडलेली बोट असे दोन मग शेजारी ठेवून दाखवा. मी दोन्ही काउंटरवर ठेवलेत.

एसटी पार्सलने किंवा कुरिअरने पाठवायचं तर मगाच्या आत आधी कागद कोंबा, नंतर दांडीभोवतीही गुंडाळा. फुटते ती दांडीच.

डब्यात मी एक चिठ्ठी टाकतो. आधी टाकत नव्हतो. चोपड्याकडच्या एका घरी आजींनी ‘लॉयल्टी’चा मग चुलीतल्या राखेने आणि काथ्याने लख्ख घासला. दोन महिन्यांनी बोट फिकी पडली आणि तक्रार माझ्याकडे आली. चूक त्यांची नव्हती, मी सांगितलंच नव्हतं. चिठ्ठीत आता एवढंच असतं : “चहा, दूध, कॉफी काहीही चालेल. मऊ स्पंज आणि साबणाने धुवावे. राख, काथ्या, तारेची घासणी लावू नये. फ्रीजमधून काढून लगेच उकळतं ओतू नये. अंघोळीला वापरू नये.” शेवटची ओळ मावशींसाठी आहे.